हो म्हणजे थांब

नीळकंठ बिवलकर हा माणूस आता ‘हो’ म्हणत नाही. शामलाताई विचारतात, “भात वाढू का?” तर मान हलवतो. फोनवर ‘बरं’ म्हणतो, ‘चालेल’ म्हणतो, फारच झालं तर नुसता हुंकार देतो. नव्या ओळखीच्या लोकांना वाटतं, गृहस्थ शिष्ट आहेत. त्यांना काय समजावणार? मराठीत जगायचं आणि ‘हो’ म्हणायचं नाही, हे एक दिवस करून बघा. मी करून पाहिलं. सकाळच्या चहापर्यंतसुद्धा टिकले नाही.

मी त्यांची शेजारीण, मंजूषा. हॉलंडमध्ये नीउ-व्हेनेप या गावी आमची घरं एकाच ओळीत आहेत. मी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, आणि घरी आल्यावरही तीच ड्यूटी चालू असते असं माझा नवरा म्हणतो. तेव्हा हे सगळं मी गोड करून सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका. नीळकंठरावांवर माझा जीव आहे आणि त्यांचा रागही येतो. अलीकडे दोन्ही एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही.

नीळकंठराव मूळचे चिंचवडचे बॉयलरवाले. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात लागले. वाफ, दाब, झडपा यांत मनापासून रमले होते. मग जी लाट आली तिच्यात चारचौघांबरोबर तेही वाहत गेले. कॉम्प्युटरचा कोर्स, मग हिंजवडी, मग इथे ‘हायली स्किल्ड मायग्रंट’. “प्रेम बॉयलरवर होतं, संसार सॉफ्टवेअरशी झाला,” असं ते म्हणत, आणि शामलाताई ऐकत असताना मुद्दाम म्हणत. मूलबाळ नाही. ऑफिसात त्यांना कुणी वाईट म्हणत नव्हतं, कुणी विशेष ओळखतही नव्हतं. बढती आली नाही, ती त्यांनी मागितलीही नाही.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ते ओळख करून घ्यायला आले आणि सोफ्यावर टेकता टेकता म्हणाले, “तुला माहितेय का, तू तळ्याच्या तळाशी बसली आहेस?”

मला वाटलं, हे काय आता! पण ते खरं होतं. इथे पूर्वी एवढं मोठं तळं होतं की वादळात त्याचं पाणी अ‍ॅमस्टरडॅमच्या वेशीला भिडायचं. पवनचक्क्या लावून ते उपसायचे बेत पिढ्यान् पिढ्या नुसते कागदावर राहिले. शेवटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काठाला वाफेची तीन प्रचंड इंजिनं बसवली, आणि ज्याला पवनचक्क्या हात लावायला धजल्या नव्हत्या ते तळं तीन-साडेतीन वर्षांत कोरडं झालं. “वाफ नसती ना, तर या सोफ्यावर आत्ता मासे बसले असते,” नीळकंठराव म्हणाले.

तेवढ्यात आत माझ्या कुकरची शिट्टी झाली. ते ताडकन उठले. “पापाँ!” म्हणाले. “हा पापाँ बोलला!”

मग त्या पापाँची गोष्ट. फ्रेंच माणूस, धर्मापायी मायदेशाला पारखा झालेला, एका डच शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला. हाडं शिजवून मऊ करायला त्यानं झाकण घट्ट बसणारं भांडं केलं, ते फुटू नये म्हणून वर वजनाची झडप ठेवली. तोच आपला कुकर. मग त्याच्या डोक्यात आलं की नळकांड्यात थेंबभर पाणी तापवलं तर वाफ दट्ट्या वर उचलते, आणि गार केलं तर दट्ट्या आपोआप खाली येतो. कल्पना त्याची, पण मोठं चालणारं इंजिन उभं केलं ते इंग्लंडमधल्या एका लोखंडी सामान विकणाऱ्यानं, न्यूकॉमेननं. पापाँ लंडनमध्ये गरिबीत कुठेतरी संपला. “कुकर रोज लावतेस, पण त्याचं नाव तरी ऐकलं होतंस का?” त्यांनी मला विचारलं, जणू पापाँ माझाच विसरलेला मामा.

“नीळकंठराव, तोंडची वाफ दवडू नका, चहा घ्या,” मी म्हटलं.

ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. “वाफ दवडायला आधी पाणी तापावं लागतं, मंजूषा. इतरांकडे तेही नाही.” तेव्हापासून तो आमचा ठरलेला विनोद झाला. ते बोलायला लागले की मी “वाफ” म्हणायचे, आणि तरीही ते बोलत राहायचे.

आमच्या गावाबाहेर, कालव्याला लागून, एक जुनं पंपघर आहे. डच लोक त्याला खेमाल म्हणतात. तळं उपसणाऱ्या त्या तीन राक्षसांच्या मानाने हे अगदीच पोर, पुष्कळ नंतर बांधलेलं, पण आत खरंखुरं वाफेचं इंजिन. एक छोटी संस्था ते सांभाळते आणि महिन्यातून एका रविवारी बॉयलर पेटवून लोकांना चालवून दाखवते. दाखवायची, असं म्हटलं पाहिजे. हे इंजिन ज्यानं जिवंत केलं तो बारेंड. जन्मभर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त केलेला, ताडमाड, बायको कधीच गेलेली. त्याला इंजिन मिळालं तेव्हा सिलिंडरमध्ये कबुतरांची घरटी होती. त्यानं ते एकेक नट सोडवून घासूनपुसून उभं केलं, त्यात त्याच्या आयुष्याची बरीच वर्षं गेली. आणि आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शेतातल्या गायी माना वर करायच्या.

नीळकंठराव एका रविवारी सायकलवरून सहज तिकडे गेले आणि संध्याकाळी काळे हात घेऊन घरी आले. शामलाताई सांगतात, “लग्नाच्या दिवशी एवढे खूष नव्हते.” त्यानंतर त्यांचा एकही वाफेचा रविवार चुकला नाही. बारेंडला त्यांच्या सॉफ्टवेअरशी देणंघेणं नव्हतं, त्यांना बारेंडच्या ट्रॅक्टरशी. दोघं शेजारी बसून दाबाच्या काट्याकडे बघत कॉफी प्यायचे. पंचवीस वर्षं ऑफिसात काढलेल्या माणसाला मित्र मिळाला तो असा.

आता त्या शब्दाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे.

डच माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘थांब’. गाडी मागे घेताना भिंत जवळ आली की ‘हो’. कप भरत आला की ‘हो’. घोड्यालाही तेच. इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाची सुरुवातीला यावरून फजिती झालेली आहे. फोनवर आपण ‘हो, हो, हो’ करतो आणि पलीकडचा बिचारा गप्प होतो. मग सवय होते. नीळकंठरावांनाही झाली होती. ते तर इंजिनावर ‘हो’ ऐकूनच काम शिकले. बारेंड खाली सिलिंडरपाशी, हे वर वाफेच्या मोठ्या झडपेच्या चाकापाशी. हे विचारणार, “ओपन?” खालून ‘या’, म्हणजे डच होकार, आला की उघडायचं, ‘हो’ आलं की थांबायचं. इतकं सोपं.

शामलाताई कधी डबा घेऊन तिकडे जायच्या आणि दारातून हाक मारायच्या, “अहो!” बारेंड एकदा मोठ्यानं हसला. म्हणाला, “तुझी बायको तुला सारखी थांबवतच असते. काय करतोस तरी काय तू तिला?” नीळकंठराव काय समजावत बसणार, की हे नवऱ्याला हाक मारणं आहे, आमच्यात नाव घेत नाहीत? तेही हसले आणि म्हणाले, “अरे बाबा, बायका सगळ्या जगात सारख्याच. आमच्या भाषेतही हो म्हणजे थांबच.” बारेंडला हे इतकं आवडलं की तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा. मीही हसले होते. चांगला विनोद होता.

आणखी एक गोष्ट. संस्थेचा नियम होता की वाफेच्या दिवशी चाकाला हात लावणाऱ्याला डच उत्तम आलं पाहिजे. कमिटीत कुणीतरी नीळकंठरावांच्या भाषेवर शंका काढली. बारेंड उठून उभा राहिला आणि म्हणाला, “त्याच्या भाषेची जबाबदारी माझी.” एवढंच. नीळकंठरावांनी ते वाक्य मला किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही. या देशात त्यांच्या बाजूनं कुणी उभं राहिलं ते पहिल्यांदाच.

त्यांची फक्त एक हौस राहिली होती. आपल्या माणसांना हे इंजिन मराठीत दाखवायचं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या मागे ते वर्षानुवर्षं लागले होते. मंडळाचं उत्तर ठरलेलं असे, “बघू या, नेक्स्ट इयर.” गणपती, दिवाळी, ट्युलिपची बाग, मिसळ पार्टी, सगळ्याला वेळ होता. शेवटी गेल्या वर्षी मी मंडळाची सेक्रेटरी झाले आणि एप्रिलमध्ये वीस-पंचवीस जणांना दटावून तिथे नेलं. अर्धे लोक नंतरच्या बटाटेवड्यांसाठी आले होते, हे मला माहीत होतं.

पण नीळकंठरावांनी त्या दिवशी कमाल केली. स्वच्छ इस्त्रीचा निळा डगला घातला होता. आधी अंगणात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, त्यात थोडं पाणी उकळवलं, बूच लावलं आणि वरून गार पाणी ओतलं. डबा कडकड आवाज करत चेपला. लोक दचकले. “बघा,” ते म्हणाले, “कुणी हात लावला का? पहिली इंजिनं अशी चालायची. वाफ ढकलत नव्हती. वाफ नाहीशी व्हायची, आत पोकळी व्हायची, आणि मग बाहेरची साधी हवा तिचं काम करायची. वाफ असण्यानं नाही, नसण्यानं इंजिन चालायचं.” मग वॉटनं ती गार करायची जागा वेगळी काढून कोळसा कसा वाचवला ते सांगितलं. रॉटरडॅमच्या एका घड्याळजीनं पाणी उपसायला इथे पहिलं इंजिन आणवलं आणि लोकांनी त्याला ‘आमच्या पवनचक्क्याच बऱ्या’ असं कसं ऐकवलं, ते सांगितलं. मंडळाचे संजीव, जे सहसा कुणाचं भाषण फोनमध्ये डोकं न घालता ऐकत नाहीत, ते फोन खिशात ठेवून ऐकत होते. मी त्या दिवशी ‘वाफ’ म्हटलं नाही. शामलाताई मागे उभ्या राहून पदरानं, म्हणजे ओढणीनं, डोळे पुसत होत्या.

मग सगळे आत गेलो. इंजिन सुरू करायची वेळ. गार सिलिंडरमध्ये वाफ शिरली की तिचं आधी पाणी होतं. ते तळाच्या तोट्यांमधून पुरतं काढून टाकावं लागतं, कारण वाफ दबते, पाणी दबत नाही. दट्ट्या पाण्यावर आपटला तर बिडाचं सिलिंडर फुटतं. हे त्यांनीच आम्हाला मराठीत समजावलं. बारेंड खाली तोट्यांपाशी वाकून बघत होता, पांढरी कोरडी वाफ येते का ते. नीळकंठराव वर, चाकावर हात ठेवून, आमच्याशी बोलत. पूर्ण रंगात. चिंचवडच्या कारखान्यातला कुठलासा किस्सा सांगत होते. तो सांगता सांगता त्यांनी खाली वाकून, त्याच आवाजात, त्याच भाषेत विचारलं,

“उघडू का?”

खालून बारेंडचा गडगडाटी आवाज आला, “हो! हो, हो!”

आम्ही सगळे हसलो. अहो, बारेंडला मराठी येतं! माझ्या मनात तेच आलं, सगळ्यांच्या मनात तेच आलं. नीळकंठरावही हसले आणि त्यांनी चाक फिरवलं. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला दिसतो. एवढा सुखी चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता, नंतर तर नाहीच.

एक धाड असा आवाज झाला. जमीन हादरली. मग फुत्कार, सगळीकडे पांढरं, कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. नीळकंठरावांनी झडप बंद केली होती, पण काय उपयोग? वाफ विरली तेव्हा दिसलं की सिलिंडरला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला आहे. बारेंडची पॅंट गरम पाण्यानं भिजली होती, पायाला थोडं पोळलं होतं, बाकी इजा कुणालाच नाही. तो तड्यावरून बोट फिरवत उभा होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, “तुला ऐकू नाही आलं?”

नीळकंठरावांचा हात अजून बंद केलेल्या झडपेच्या चाकावरच होता. आमची मंडळी एव्हाना बाहेर जाऊन गाड्यांत बसायला लागली होती.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली. जायच्या आधी मी त्यांना सांगितलं, “जे झालं ते सांगा. मी येते साक्षीला. वीस माणसांनी ऐकलंय.” वीस माणसांचंही सांगते. मी फोन केले. कुणाचं परमनंट रेसिडेन्सचं काम चालू होतं, कुणाला ‘उगाच कशाला मध्ये पडायचं’ वाटत होतं, संजीव म्हणाले, “टेक्निकली आपण फक्त व्हिजिटर्स होतो.” मी एकटी तयार होते. पण नीळकंठराव म्हणाले, “तू यायचं नाहीस. शपथ आहे तुला शामलाची.”

“का पण?”

“मी भाषेत चुकलो म्हटलं, तर बारेंड खोटा पडेल. माझ्या भाषेची जबाबदारी त्याची होती. त्याला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागेल. त्यापेक्षा सांगतो, आवाज फार होता, ऐकू आलं नाही. दोष कुणाचाच नाही.”

मला तेव्हाच ते पटलं नव्हतं. टेस्टरला कळतं, एक दुरुस्ती केली की दुसरीकडे काहीतरी मोडतं. पण शपथ घातलेली. गप्प बसले.

तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, बारेंडचा इशारा तू ऐकलास का? हे म्हणाले, “नाही.” मग बाईंनी बारेंडकडे वळून विचारलं, “बारेंड, तू नक्की ओरडलास?”

“ओरडलो,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “मला वाटतं, ओरडलो.”

झालं. दोष कुणाचाच नसतो असं कधी होत नाही. हवेसारखा तो रिकामी जागा शोधतो. कमिटीनं ठरवलं की बारेंडचं वय झालं, त्याचा आवाज आता पोचत नाही, अशा माणसाला तोट्यांपाशी उभं करणं हीच चूक होती. सगळं अतिशय सौजन्यानं. त्याला मोठा पुष्पगुच्छ दिला, सफरचंदाचा केक कापला, त्याच्या कामाबद्दल टाळ्या वाजवल्या आणि खेमालची किल्ली परत घेतली. तडा गेलेलं सिलिंडर दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. बॉयलर कायमचा विझवला. आता तिथे विजेची मोटर लावली आहे. बटण दाबलं की मोठं चाक सावकाश फिरतं, पाहुणे फोटो काढतात. नीळकंठरावांना संस्थेनं काही म्हटलं नाही. उलट, मोटरवर यायला हरकत नाही, असं कळवलं.

ते पुन्हा गेले नाहीत. खुर्चीत बसून राहायचे. अंगणातल्या त्या डब्याची मला आठवण यायची. बाहेरून कुणी हात लावलेला नाही, आणि माणूस चेपलेला.

“जा आणि बारेंडला खरं सांगा,” मी सांगत राहिले. चिडून सांगितलं, समजावून सांगितलं, एकदा तर भांडले. “तुमच्या मोठेपणानं त्याचा बळी गेला. तुम्ही त्याला वाचवत नव्हता, तुम्हाला त्याच्या तोंडावर बोलायचा धीर नव्हता!” हे लागलं त्यांना. म्हणाले, “पुढच्या रविवारी जातो.” मग पुढच्या. मग गणपती झाले की. मग दिवाळी. आपल्याकडे ‘जातो’ म्हणणं हेच अर्धं गेल्यासारखं असतं. मंडळानं त्यांना जे ऐकवलं होतं तेच ते आता बारेंडला ऐकवत होते, आणि हे त्यांना कळत होतं. बारेंडला माहीत नव्हतं एवढंच.

तेवढ्या काळात बारेंड झपाट्यानं उतरला. घर सोडून हूफ्डॉर्पच्या वृद्धाश्रमात गेला. तो फेब्रुवारीत वारला. त्याआधी, जानेवारीच्या एका दुपारी, आम्ही त्याला भेटायला गेलो होतो. शामलाताईंनी मला हाताला धरून सांगितलं होतं, “तू बरोबर जा गं. एकटे गेले तर दारातून परत येतील.”

खिडकीतून खाली पार्किंग दिसत होतं. बारेंड खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर शाल. आम्हाला बघून त्याला आनंद झाला. पण तो बोलायला लागला तेव्हा मला पुढे वाकावं लागलं. ज्या आवाजानं गायी माना वर करायच्या तो आता कुजबुजीएवढा झाला होता. परिचारिका म्हणाली की घशाला काहीच झालेलं नाही, डॉक्टरांनी बघितलंय. तो मोठ्यानं बोलतच नाही.

नीळकंठरावांनी बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली. डचमध्ये, एकेक शब्द घोकून आणलेला. “बारेंड, तू ओरडला होतास. मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं. मी कमिटीत खोटं बोललो. मी आमच्या लोकांशी आमच्या भाषेत बोलत होतो, माझं डोकं त्या भाषेत होतं. आमच्या भाषेत हो म्हणजे थांब नाही. हो म्हणजे या. मी विचारलं उघडू का, आणि तू हो म्हणालास. चूक माझी. तुझा आवाज पोचला होता.”

मला वाटलं, आता सुटला बिचारा. दोघंही सुटले.

बारेंड त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यानं नीळकंठरावांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटला.

“किती चांगला आहेस तू,” तो म्हणाला. “माझ्यासाठी एवढं रचून आणलंस.”

“रचलं नाही! खरं आहे!”

“तुझ्या भाषेत हो म्हणजे काय ते मला माहीत आहे. तूच सांगितलं होतंस. तुझी बायको दारातून ओरडायची.” तो पुन्हा हसला. “किती लोकांना सांगितलंय मी ते.”

मी मध्ये पडले. म्हटलं, मी होते तिथे, मी माझ्या कानांनी ऐकलं, आमच्या भाषेत खरंच त्याचा अर्थ होकार. ‘अहो’ वेगळं, ‘हो’ वेगळं. मी इतक्या घाईनं बोलत होते की माझं डच मलाच समजेना. बारेंडनं माझ्याकडेही तसंच मायेनं बघितलं.

“तू त्याची मैत्रीण आहेस,” तो म्हणाला. “तुम्ही माणसं चांगली आहात. पण मला आता सगळं आठवतं. मी पाणी पाहिलं. मी तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. माझ्यामुळे फुटलं ते.”

सहा महिने आधी, एक महिना आधी, तो अजून ‘मला वाटतं, ओरडलो’ म्हणत होता तेव्हा नीळकंठरावांनी हे सांगितलं असतं, तर त्यानं टेबलावर मूठ आपटून दोन शिव्या दिल्या असत्या आणि पुन्हा त्यांच्यासोबत कॉफी प्यायली असती. आता त्याला हातात धरायला त्याची स्वतःची आठवण होती, आणि ती खोटी होती, आणि ती आमच्यापेक्षा बळकट होती.

टेबलावर कॉफीचा थर्मास होता. हातांना काहीतरी काम हवं म्हणून नीळकंठरावांनी तो उचलला आणि बारेंडच्या कपात ओतायला लागले. त्यांचं लक्ष नव्हतं, डोळे भरलेले होते. कप अर्धा झाला, त्याच्या वर गेला.

“हो,” बारेंड म्हणाला. अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं.

नीळकंठरावांचा हात जागच्या जागी थांबला. एक थेंबसुद्धा जास्त पडला नाही.

बारेंडनं माझ्याकडे बघितलं आणि समजूत घातल्यासारखी मान हलवली.

“बघ,” तो म्हणाला. “चांगलं कळतं त्याला.”